फोनवर ऐकू आलेल्या घंटा

हे मी मधुराला, माझ्या बायकोला, कधी सांगितलेलं नाही. आईलाही नाही — तिला सांगावंच लागलं नाही, पण त्याकडे येतो मी. आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं, त्याच्यासमोर मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा खोटं बोललो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

सुरुवात एका यादीपासून करतो, ती सोपी आहे. आमच्या योकोहामाच्या घरात फ्रिजवर ती लावलेली होती, मधुराच्या अक्षरात. इटलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राकाठी एक छोटंसं गाव — तिथे मेच्या सुट्टीत आठ दिवस काय काय करायचं ते. सकाळी धक्क्यावर जाऊन मासळी उतरताना बघायची. होडीने गुहेत जायचं. लिंबाचा बर्फ खायचा. पायऱ्या चढून वरच्या चर्चपाशी जायचं. संध्याकाळी सगळं गाव नटूनथटून नुसतं इकडून तिकडे फिरतं म्हणे, त्यांच्यात फिरायचं. सगळ्यात शेवटी — काहीही न करता बसायचं. त्याखाली दोन रेघा मारलेल्या.

बुकिंग जानेवारीतलं. मार्चमध्ये भूकंप झाला.

आमचं तसं काही गेलं नाही. चार कपबश्या फुटल्या. पण नंतर कित्येक आठवडे जमीन हलत राहिली. मधुरा झोपताना बूट उशाशी ठेवायची. आमची लेक ईरा सहा वर्षांची होती, टबमधलं पाणी जरा डचमळलं तरी किंचाळायची. फ्रिजवरची यादी मात्र मधुराने काढली नाही. "ती दिसते ना, म्हणून मी सकाळी उठते रे," असं एकदा म्हणाली. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये — की कारण म्हणूनच सांगतोय? सोडा.

शेजारच्या कावासाकी शहरातल्या ऑफिसात आमच्या कामाला दोघंच होतो, मी आणि ओनोदेरा-सान. उत्तरेकडे माल पाठवणाऱ्या गोदामांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. त्या वसंतात त्या कामाला उसंत नव्हती. मेच्या सुट्ट्या रद्द झाल्या. एका वेळी एकानेच रजेवर जायचं, असं ठरलं, आणि पहिली पाळी, नेमकी आमच्या बुकिंगच्या दिवसांतली, ओनोदेरा-सानांची. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, सेंदाईजवळच्या किनाऱ्यावरच्या गावचे. गाव लाटेत गेलं होतं. त्यांची म्हातारी आई वाचली होती — एका शाळेच्या जिम्नॅशियममध्ये, पुठ्ठ्याच्या आडोशामागे राहत होती. रेल्वे नुकतीच पुन्हा सुरू झाली होती. 'येतो' म्हणून त्यांनी तिला दिवससुद्धा कळवला होता.

मी त्यांना काय सांगणार होतो? तुमच्या समुद्राने तुमचं गाव नेलं, मला दुसऱ्या एका समुद्रात पोहायला जायचंय, तर जरा मागे थांबता का? खरं सांगितलं असतं तर कदाचित तरीही त्यांनी मला जाऊ दिलं असतं. कदाचित नसतं. पण निदान ते त्यांनी ठरवलं असतं ना?

मी म्हणालो, माझी आई आजारी आहे. न्यूमोनिया झालाय.

हे ठरवून गेलो नव्हतो. चहाच्या मशीनपाशी उभे होतो आम्ही. ते आपल्या आईसाठी काय काय न्यायचं ते सांगत होते, आणि 'आई' या शब्दावर माझी जीभ घसरली — नाही, घसरली नाही. मी ती तिकडे नेली.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "तुम्ही आधी जा," म्हणाले. "माझी आई सुखरूप आहे. तिला ब्लँकेट मिळालंय."

माझी आई त्याच सुमारास ठाण्याला बिल्डिंगच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. ठणठणीत.

घरी मी मधुराला एवढंच म्हणालो, "मिळाली रजा." ती टुणकन उठून नाचली.

आणि ते गाव — कसं सांगू? फार सुंदर होतं. ते वाईट निघालं असतं तर आज मला बोलणं सोपं गेलं असतं. यादीतलं सगळं आम्ही केलं. फक्त ईरा पाण्याजवळ जाईना. "त्सुनामी कोनाई?" — त्सुनामी नाही ना येणार? ती घरीही जपानीतच बोलायची. दोन दिवस हाच प्रश्न. तिसऱ्या दिवशी होडीवाल्या म्हाताऱ्याने तिला धक्क्याच्या भिंतीपाशी नेलं आणि शेवाळाच्या हिरव्या रेघेवर बोट ठेवलं. संध्याकाळी पुन्हा नेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. पाणी तिथेच. तिला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची. त्या दुपारी ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, आणि त्याच्या पुढच्या दिवशी माझ्या खांद्यावरून तिने धपकन उडी मारली. मधुरा हसली — मार्चनंतर पहिल्यांदा, इतक्या मोठ्याने की शेजारची माणसं वळून बघायला लागली. ते हसणं कुणाच्या रजेतलं होतं, ते मला एकट्यालाच माहीत होतं.

एका सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर असताना ओनोदेरा-सानांचा फोन आला. कामाचं काही नव्हतं. आईंना कसं आहे, एवढंच. ताप उतरतोय, असं मी म्हणालो, आणि नेमक्या तेव्हाच वर घंटा वाजायला लागल्या.

"देऊळ का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "घराजवळच आहे."

ते शेवटच्या टोल्यापर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "छान वाटत असेल आईंना, पडल्या पडल्या हे ऐकताना." खालून ईरा मला हाका मारत होती. बर्फ वितळून तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता.

मी परतल्यावर ते गेले. आल्यावर हसत हसतच सांगत होते — त्यांच्या आईने सगळ्या जिम्नॅशियमला सांगून ठेवलं होतं, मुलगा येतोय. त्यांनी दिवस पुढे ढकलला तरी ती रोज बसच्या वेळेला दाराशी जाऊन उभी राहायची. न जाणो, आलाच तर? आठ-नऊ दिवस, रोज. "भारतातल्या आईचं ऐकून म्हणाली, बरोबर केलंस. आणि हे दिलंय."

लोकरीचे मोजे होते, राखाडी. कुणीतरी मदत म्हणून पाठवलेल्या लोकरीतून तिने पुठ्ठ्यामागे बसून विणलेले. आजारपणात पाय गार पडतात म्हणून.

तेव्हा तरी बोलायचं ना? मी दोन्ही हातांनी मोजे घेतले आणि वाकलो. ठाण्याला गेलो तेव्हा आईला दिले, "ऑफिसमधल्या एकांच्या आईने विणलेत" इतकंच सांगून. "ठाण्यात लोकरीचे?" म्हणून ती हसली, आणि कपाटात जपून ठेवले.

दोन वर्षांनी ओनोदेरा-सानांची आई गेली. आणखी काही वर्षांनी ते कामासाठी मुंबईला आले. मीही बरोबर होतो. ते म्हणाले, तुमच्या आईंना भेटायचंय. कसं नाही म्हणणार?

आईने पोहे केले. "मिरची काढून टाकलीय, सांग त्यांना. खाल्लंच पाहिजे म्हणावं, भाऊ." त्यांनी खाल्ले, मग ताटली बाजूला ठेवली, जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि जपानीत म्हणाले, त्या न्यूमोनियातून तुम्ही बऱ्या झालात, माझ्या आईला फार बरं वाटलं होतं. आई माझ्याकडे बघायला लागली. त्यांचं बोलणं मी मराठीत सांगितलं — सांगावंच लागलं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता तिने मला विचारलं, "किती दिवस आजारी होते रे मी?"

"आठ," मी म्हणालो.

तिने त्यांना हात जोडले. आत गेली. परत आली तेव्हा भर उकाड्यात तिच्या पायांत ते राखाडी मोजे होते.

माझ्यासाठी माझी आई खोटं बोलली. एक शब्दही न बोलता. नंतरही तिने मला कधी काही विचारलं नाही.

ओनोदेरा-सान मोज्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, ते देऊळ बघता येईल का? मी फोनवर घंटा ऐकल्या होत्या.

कोपऱ्यावर दत्ताचं छोटं देऊळ आहे. आई त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली. मी बाहेर थांबलो. तिने मोजे काढून आपल्या चपलेत नीट गुंडाळून ठेवले होते, मी त्यांच्याकडे बघत होतो. आतून घंटेचा एकच टोला आला. तो त्यांनी कुणासाठी वाजवला, ते मला विचारावं लागलं नाही.

बाहेर आल्यावर बूट घालता घालता ते म्हणाले, "फोनवर आवाज खूप मोठा वाटला होता. आणि घंटा पुष्कळ होत्या."

त्यांनी वर पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं की काहीच नव्हतं, हे त्या चेहऱ्यावरून मला आजही सांगता येत नाही. ते थांबले होते मात्र. माझ्या बोलण्यासाठी थांबले होते.

"फोनवर तसंच ऐकू येतं," मी म्हणालो.