चष्मा काढून ओतलेली कॉफी

आमच्या अम्मानमध्ये माणूस हसवणं म्हणजे सरकारी कचेरीत पहिल्याच खेपेला काम होणं. अशा गावात माझा शेजारी अबू लीन विनोदवीर व्हायला निघाला, तेही पन्नाशी उलटल्यावर. दिवसभर तो पासपोर्टचे फोटो काढायचा आणि गिऱ्हाइकांना दरडावायचा, "हसू नका, फोटो नापास होईल." सोमवारी संध्याकाळी मात्र हाच गृहस्थ वैबदे मोहल्ल्यातल्या कॅफेत माईक धरून लोकांनी हसावं म्हणून घाम गाळायचा.

पहिल्या सोमवारी समोरचे आंबट चेहरे बघून त्याची बोबडी वळली. माझं चष्म्यांचं दुकान, तेव्हा सल्ला मीच दिला. "चष्मा काढून उभा राहा. दिसलंच नाही तर घाबरशील कशाला?" सल्ला फुकटचा होता, म्हणून त्याने लगेच घेतला. मग तो बरा बोलू लागला. चार माणसं हसली की आठवडाभर शीळ घालत फोटो काढायचा. त्याची बायको वारल्यापासून ती शीळ मी ऐकलीच नव्हती.

धास्ती एकच होती. त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, लीनचं, कुतैबाशी जमत आलं होतं आणि कुतैबाचे वडील म्हणजे करक गावचे निवृत्त हेडमास्तर. येत्या शुक्रवारी ते चाळीस माणसं घेऊन रीतसर मागणी घालायला येणार होते. "व्याह्यांना यातलं काही कळता कामा नये," अबू लीन मला रोज बजावायचा. आणि सोमवारी पन्नास लोकांसमोर, त्यातल्या तीस जणांच्या फोनचे कॅमेरे चालू असताना, गुपचूप बोलायचा.

त्या सोमवारी त्याने मागणीच्या रीतीवरच नक्कल बसवली होती. घरची लांब चोचीची कॉफीची किटलीसुद्धा आणली. "चाळीस पुरुष इस्त्रीचे कपडे घालून येतात," तो म्हणाला, "आणि काय मागतात? जे दोन्ही आयांनी तीन आठवड्यांपूर्वीच फोनवर ठरवून टाकलंय!" लोक हसले. अबू लीनच्या अंगात आलं. खाली उतरून त्याने पहिल्या रांगेतल्या, लाल-पांढऱ्या रुमालवाल्या म्हाताऱ्याच्या हातात कडू कॉफीचा कप दिला. मी शेवटच्या रांगेतून मान उंचावून पाहिलं. म्हातारा म्हणजे खुद्द हेडमास्तर, अबू कुतैबा! मी हातवारे केले, घसा खाकरला. पण ज्याला पहिली रांग दिसत नव्हती, त्याला शेवटची काय दिसणार?

अबू कुतैबांनी कप न पिता समोर ठेवला.

कॅफे चिडीचूप. पाहुण्याने कप खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचंय, आणि यजमानाने 'प्या' म्हटलं की मागणं काहीही असो, ते दिलं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. शहाणा यजमान आधी विचारतो. आमच्या कलावंताला मात्र त्या शांततेत नुसता हशा दिसला.

"प्या काका, प्या!" तो माईकमध्ये ओरडला. "जे मागायला आलात ते दिलं! पोरगी हवी की किटली, तेवढं सांगा!"

एवढा हशा त्याच्या नशिबी कधी आला नव्हता. अबू कुतैबांनी सावकाश कप संपवला.

"अल्ला बरकत देवो, अबू लीन. पोरगी शुक्रवारी मागेन, रीतीनं. आज मागणं एवढंच, की हे चाळे पुन्हा करायचे नाहीत. आम्हाला चार लोकांत बसायचं असतं."

आवाज ओळखून अबू लीन खिशात चष्मा चाचपडू लागला. लोकांना वाटलं, सगळं आधी ठरवलेलं. टाळ्या, शिट्ट्या. त्या गोंगाटात तो हळूच म्हणाला, "दिलं."

"अरे, चेष्टेत दिलेला शब्द तो," परतताना मी म्हटलं.

"चेष्टा होती," तो म्हणाला. "पण कॉफी खरी होती ना."

शुक्रवारी चाळीस माणसं आली. अबू कुतैबांनी लीनला मागणी घातली आणि कप समोर ठेवला. दिवाणखान्यात चाळीस आंबट चेहरे वाट बघत बसले. अबू लीन उठला. त्याने चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. 

"प्या," तो म्हणाला. "जे मागायला आलात ते दिलं."

शब्द तेच, हशासाठी थांबायची जागाही तीच. कोणी हसलं नाही. तरी तो क्षणभर थांबून राहिला.