ह्यांच्या कानातलं ब्लूटूथ

ह्यांना ऐकू कमी येतं, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. कळू नये म्हणून जी काही धावपळ करायची, ती मी करत होते. सोसायटीच्या मीटिंगला नवऱ्याला चिकटून बसायचं. कुणी काही विचारलं की ह्यांच्याआधी आपणच उत्तर द्यायचं. दुकानदार हिंदीत काही बोलला की तेच मोठ्याने मराठीत परत म्हणायचं, म्हणजे ह्यांच्या कानावर पडेल. आणि घरी आल्यावर ह्यांनी म्हणायचं, "तू फार मध्ये मध्ये बोलतेस बुवा." बरं, बोलते. हौस आहे ना मला!

हे रिटायर झाले आणि घरातल्या टीव्हीचा आवाज वाढतच गेला. तेव्हा मी एकदा जबरदस्तीने ह्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, मशीन लावा आणि लवकर लावा. ऐकायची सवय एकदा सुटली की पुढे आवाज आला तरी शब्द कळायला जड जातं. एवढं स्पष्ट सांगितलं त्या भल्या माणसाने.  रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "आज मशीन, उद्या काठी, परवा चौघांचे खांदे. मला नाही लावायचं." ह्यांच्यापुरता विषय तिथेच संपला. माझा घसा मात्र रोज बसायला लागला.

घरात मी सगळं ओरडून सांगायचे. जेवायला या, हे ओरडून. गॅस संपलाय, हे ओरडून. पण ओरडून साधं काही बोलताच येत नाही हो. "आज मला जरा कसंतरी होतंय" हे एकदा ओरडून सांगून बघा, ऐकणाऱ्याला भांडणच वाटतं. म्हणून असल्या गोष्टी सांगणंच मी सोडून दिलं. पोळ्या लाटताना मनातल्या मनात बोलायचे आणि न बोलताच दमायचे. माहेरी कुणाचं काय झालं, गुडघा का दुखतो, झोप का येत नाही, काहीच ह्यांच्यापर्यंत पोचेना.

मुलगी बंगळुरूला असते. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून दिवाळीला येताना तिने ते ब्लूटूथ आणलं. काळं, वालाच्या दाण्याएवढं, एकाच कानात घालायचं. फोन खिशात ठेवायचा आणि ह्यातून बोलायचं, ऐकायचं. मला वाटलं, हेही कपाटात जाणार. छे! ह्यांनी आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि घातलं ते घातलंच. कानाचं मशीन म्हाताऱ्यांचं आणि हे तरुण पोरापोरींचं, एवढाच काय तो फरक.

आणि मग ह्यांना युक्ती सापडली. लिफ्टमध्ये कुणी बोलायला लागलं की हे कानाकडे बोट दाखवायचे, दुसरा हात जरासा वर करायचे, म्हणजे 'एक मिनिट हं, फोनवर आहे', आणि सरळ पुढे निघून जायचे. समोरच्याला काय बोलला ते परत विचारायला नको आणि चुकीचं उत्तर द्यायलाही नको. तळमजल्यावरच्या गुजराती बेन मला म्हणाल्या, "भाभी, अंकल तो रिटायर होके और बिझी हो गये!" कुणी म्हणे हे शेअरचं काम करतात, कुणी म्हणे कन्सल्टंट झालेत. आमच्या पूनम सागर बिल्डिंगमध्ये ह्यांची वट एकदम वाढली. आता निरोप सगळे माझ्याकडे. भाभी, अंकल को बोल देना, कल टंकी धुलेगी. भाभी, अंकल को बोलो ना, स्कूटर थोडी आगे लगाये. मी काय ह्यांची सेक्रेटरी आहे?

एका संध्याकाळी हे खाली फिरायला गेले आणि घरात ह्यांचा फोन वाजला. टेबलावर, चार्जिंगला लावलेला! मी गॅलरीतून वाकून बघितलं. हे कानात ब्लूटूथ घालून, मान हलवत, ओठ हलवत बिल्डिंगभोवती फेऱ्या मारतायत आणि समोरून येणारे लोक अदबीने बाजूला होतायत. हसावं की रडावं, मला कळेना. हे वर आल्यावर मी फोन ह्यांच्या हातात दिला. हे खजील झाले आणि फोन खिशात घालून टीव्हीसमोर जाऊन बसले. मी विषय काढला नाही, कारण तेही ओरडूनच बोलावं लागलं असतं आणि तेवढा जीव माझ्यात उरला नव्हता.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा यायचा. रविवारी मुलीचा फोन आला की तेच ब्लूटूथ कानात, आणि बापलेकीच्या गप्पा अशा रंगायच्या! तिचं ऑफिस, तिची घरमालकीण, सगळं ह्यांना नीट ऐकू यायचं. हसायचे काय, मध्येच प्रश्न विचारायचे काय! मी समोर भाजी निवडत बसलेली. फोन संपला की परत "अं?" आणि "हो हो, बघू." माझी खात्रीच झाली होती की बायकोचं तेवढं ह्यांना ऐकायचं नाहीये. सोयीचं बहिरेपण, मी म्हणायचे. तेही मनातच.

असाच एक रविवार होता. सकाळी मी बाथरूममध्ये कपडे धूत होते. आमच्या बाथरूमची कडी किती दिवस अडकत होती, सुताराला बोलवा म्हणून मी कंठशोष केला होता. त्या दिवशी ती अडकली ती हलेचना. आधी हाका मारल्या. मग दार बडवलं, मग तांब्याने ठोकलं. बाहेर टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. बातम्या देणाऱ्या बाईचा एकेक शब्द मला आत कळत होता, आणि माझी एकही हाक ह्यांना कळत नव्हती. मला रडू कोसळलं. अडकले म्हणून नाही. हाकेच्या अंतरावर आपलं माणूस बसलंय आणि आपली हाक काही कामाची नाही, ह्याचं रडू आलं.

धुताना गाणी ऐकायला म्हणून फोन खिडकीत ठेवलेला असतो. हात पुसून मी ह्यांचा नंबर लावला. मुलीच्या फोनची वाट बघत हे ब्लूटूथ घालूनच बसले होते.

"हं, बोल बाळा," ह्यांनी न बघताच उचलला.

"बाळ नाही, मी आहे. बाथरूममध्ये अडकलेय. कडी निघत नाहीये."

"अगं, मग हाक मारायची ना!"

ठोकून ठोकून पोचा पडलेल्या तांब्याकडे मी नुसतं बघितलं. 

बाहेरून धक्के मारून झाले. दार काही उघडलं नाही. मग हे खाली वॉचमनकडे गेले आणि वर आल्यावर ह्यांनी मला परत फोन लावला. वॉचमन सुताराला पाठवतोय म्हणाले.

"किती वेळात येतो म्हणाला?"

मागे टीव्ही चालूच होता.

"तो काय म्हणाला ते ऐकू नाही आलं गं मला," हे म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. टीव्ही बंद करा म्हटलं. ह्यांनी लगेच केला. मी न ओरडता, साध्या आवाजात बोलले होते आणि ह्यांना कळलं होतं. हे दाराला टेकून खाली बसल्याचं मला आत जाणवलं.

"तुझा आवाज असा आहे होय," हे म्हणाले. "मी विसरलोच होतो."

"कसा?"

"हळू. तू बोलायला लागलीस की मला आधी तुझं कपाळ दिसतं, आठ्या पडलेलं. शब्द कळतच नाहीत. मला वाटायचं, ही आता कायमचीच चिडलीये माझ्यावर. मग कशाला परत परत 'काय, काय' करून आणखी चिडवायचं?"

"चिडले नव्हते हो. दमले होते. ओरडताना कुणाचंही तोंड असंच दिसतं."

  मग मीही सांगून टाकलं, की मला वाटायचं तुम्हाला माझं ऐकायचंच नाहीये. गुडघ्याचं सांगितलं, झोपेचं सांगितलं. हे मध्ये मध्ये "मग?" म्हणत होते. बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर बसून मी नवऱ्याशी गप्पा मारत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला दार उघडायची घाई राहिली नव्हती.

"मशीन लावलं," हे म्हणाले, "तर अशीच ऐकू येशील?"

हो म्हणायचा मोह झाला. पण नंतर तेही मशीन कपाटात गेलं असतं. "अगदी अशीच नाही. डॉक्टर म्हणाले होते ना, आधी सगळंच अंगावर येतं, भांडी, पंखा, रस्ता. सवय व्हायला वेळ लागेल. पण मला ओरडावं लागणार नाही."

"सवय नाहीच झाली तर?"

मी उत्तर देणार, इतक्यात आमच्या दाराची बेल वाजली. थांबून परत वाजली, या वेळी लांबलचक. ह्यांची काहीच हालचाल नव्हती. माझ्या उत्तराची वाट बघत हे तिथेच बसून होते.

"अहो, बेल वाजतेय," मी फोनवर हळूच सांगितलं. "सुतार आला असेल. जा, दार उघडा."