आब्दोनच्या आठ ओळी

देल्मिरा चिग्वाय कविता ऐकायला बसते ती नाक मुरडायच्या तयारीनेच. चिलोए द्वीपसमूहातल्या आमच्या बेटावर तिने चाळीस वर्षं ओहोटीला शिंपले वेचलेत. कवितेत समुद्र आला की ती विचारते, "तेव्हा भरती किती वाजता होती?" कवी गडबडला की ही उठून चुलीकडे जाते.

तिला पटलेला कवी एकच, शेजारचा होडीवाला आब्दोन नाउएल्कीन. दोन हिवाळ्यांपूर्वी तो वारला. त्याच्या आठ ओळींत चंद्र नाही की विरह नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या समोरच्या वाळूच्या दांड्यावरून किनाऱ्याकडे येताना लागणारे खडक आहेत, गावाने ठेवलेल्या नावांनी, लागतात त्याच क्रमाने. आम्ही पोरं त्या ओळी म्हणतच ती वाट शिकलो.

धक्क्याच्या भिंतीवर बेटाची एक कविता रंगवायची ठरली, तेव्हा देल्मिराला समितीत घेतलं. नियमात 'एक स्थानिक महिला' लिहिलं होतं म्हणून. तिला भिंतीवर आब्दोन हवा होता, बाकी काही नाही. सांस्कृतिक अधिकारी फाबियान लेतेलिएर राजधानीतून नवेच आलेले. आठ ओळी ऐकून ते हसले.

"छान आहे, पण ही कविता नाही, मावशी. हे वाट सांगणं झालं."

"आणि तुमची काय सांगते?"

त्यांची म्हणजे पारितोषिकं मिळवलेल्या एका कवीची. हा गृहस्थ बेटावर दोन दिवस राहिला होता, त्यातला एक दिवस खानावळीत. त्याच्या कवितेत पौर्णिमेच्या भर दुपारी उघड्या वाळूवर बायका गात गात शिंपले वेचतात.

"पौर्णिमेला दुपारी तिथे दोन पुरुष पाणी असतं," देल्मिरा म्हणाली. "गायला तोंड तरी वर राहायला हवं."

"ती प्रतिमा आहे, मावशी."

त्या प्रतिमेवर साहेबांचा इतका विश्वास की समारंभ त्यांनी त्याच दांड्यावर ठेवला, पौर्णिमेला, सकाळी नऊ ते दुपारी बारा. गावातलं कोणी पुन्हा बोललं नाही. शिकलेल्या माणसाला तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणं आमच्याकडे उद्धटपणा समजतात.

सकाळी वाळू कोरडी होती. खुर्च्या मांडल्या, पाहुणे चालत आले. देल्मिरा गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून पहिल्या रांगेत बसली. भाषणं लांबली. कवी वाचायला उभा राहिला तेव्हा दांडा आणि किनारा यांच्यामधला खोलगट भाग पाण्याने भरून परतीची वाट तुटली होती.

"मावशी, पाणी!" साहेब म्हणाले.

"प्रतिमा आहे ती. घोट्यापर्यंत आली बघा."

मग ती उठली, कवीचा हात तिने आपल्या खांद्यावर ठेवला आणि मोठ्याने म्हणू लागली:

"काळ्या खडकाला डावी घाल,
विधवेला उजवी,
सासू दिसली की थांबू नको,
तिच्या पायाशी खोल आहे..."

रांगेने सगळे तिच्यामागे निघाले. पुढच्या ओळीसाठी कोणी इतक्या आतुरतेने कान दिलेले मी कुठल्याही काव्यवाचनात पाहिले नव्हते. आठवी ओळ संपली आणि पायाखाली गोटे लागले. पँट पिळत कवीने विचारलं, "हे कुणाचं?" देल्मिराने बूट काढून त्यातलं पाणी ओतलं.

महिन्याभरात भिंतीवर त्याच आठ ओळी रंगवल्या गेल्या. खाली साहेबांनी लिहवून घेतलं होतं: 'लोकगीत, कवी अज्ञात.'

देल्मिराने ते वाचलं. होडीला डांबर लावायचा ब्रश आणला, 'अज्ञात' डांबराने खोडला आणि शेजारी वेड्यावाकड्या अक्षरांत आब्दोनचं पूर्ण नाव लिहिलं.