सिनेमातल्या ट्रकची खोड

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. अंजूरला राहतो, खाडीकाठच्या भुतांचे किस्से ऐकतच वाढलो, पण दापोड्याच्या गोडाऊनवर जाता-येता आजवर मला कुत्र्यांशिवाय कुणी अडवलेलं नाही. त्यामुळे हे लिहायला जरा लाज वाटतेय... तरी लिहितो.

माझा एक छंद आहे. बायकोच्या मते रिकामटेकडेपणा. जुन्या अमेरिकन सिनेमांत दिसणारे ट्रक ओळखायचे! इंटरनेटवर आमच्यासारख्या वेड्यांचा ग्रुप आहे. कुणी सिनेमातला फोटो टाकतो, बाकीचे मेक, म्हणजे बनवणारी कंपनी, आणि साल सांगतात. माझा हातखंडा चपट्या तोंडाच्या गाड्यांत. त्यांना बॉनेट नसतं, ड्रायव्हर थेट इंजिनावर बसतो, आणि इंजिनाचं काम निघालं की अख्खी केबिन डब्याच्या झाकणासारखी पुढे कलंडवायची आणि दोन बाजूंच्या खटक्यांवर अडकवून ठेवायची. जाळी, दिवे, काचेची पट्टी बघून मी साल सांगतो. कंपन्यांची नावं घेत बसत नाही, कंटाळाल.

हे वेड बाबांकडून आलं. त्यांचा उभा जन्म ट्रकवर गेला. दीड वर्षापूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा मी किल्ली मागून घेतली. ड्रायव्हर लोकांत एक रीत असते — गाडी दुसऱ्याच्या हाती देताना तिची खोड सांगायची. भांडण असलं तरी सांगायची, कारण पुढच्याच्या जिवाचा प्रश्न असतो. बाबांनी किल्ली दिली, खोड सांगितली नाही. त्याच आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. 'हाय' आणि 'न्हाय' एवढं उरलं, तेही आईशी. माझ्याशी तेवढंही नाही. डॉक्टर म्हणायचे, आजाराचा भाग आहे. मला मात्र वाटायचं, ते माझ्यावर रागावलेत. आत फार तुटायचं. गाडी अंगणात उभी होती, पण ती चालवायची माझी छाती झाली नाही.

गेल्या उन्हाळ्यातला रविवार. दुपारचं जेवण झालेलं, आई भाजी निवडत होती, बाबा खाटेवर. मी खाटेला टेकून लॅपटॉपवर एक फोटो लावून बसलो होतो. सिनेमात जेमतेम दोन सेकंद दिसणारा चपटा ट्रक, कंपनीच्या नावाची पुढची पाटी काढलेली. ग्रुपवर कित्येक महिने कुणालाच ओळखता आला नव्हता, मलाही नाही. बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते, आणि अचानक बोलले.

"बाल्या, केबिन उचलू नको तिची. डावा खटका धरत न्हाय."

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. मला बाल्या म्हणणारे जगात एकटे बाबाच. मी पुन्हा पुन्हा विचारलं, पण ते डोळे मिटून पडले होते.

आनंदाच्या भरात मी ग्रुपवर लिहून टाकलं — ट्रक कुठला ते माहीत नाही, पण माझे वडील म्हणतात डावा खटका धरत नाही. लोकांनी हसण्याच्या स्मायल्या टाकल्या. चौथ्या दिवशी अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्याचं उत्तर आलं. ती गाडी त्याच्या वडिलांची, शूटिंगला दिलेली. मेक, साल सगळं त्याने दिलं. डावा खटका खरंच धरत नव्हता, त्याचे वडील तो तारेने बांधून ठेवायचे, आणि हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. सिनेमात केबिन उचललेलीच नाही, मी तो तीनदा पाहिला. बाबा तर गुजरातच्या पुढे कधी गेले नाहीत.

मी ते उत्तर बाबांना मराठीत वाचून दाखवलं. मग धीर करून विचारलं, "बाबा, आपल्या गाडीची खोड काय?"

त्यांनी अंगणातल्या गाडीकडे बघितलं.

"तिसरा गेर पयल्यांदा देत न्हाय," ते म्हणाले. "जोर नको करू. पुन्ना माग... देते."

मी तिथेच त्यांच्या पायाशी बसून रडलो. चाळिशीचा माणूस, पण रडलो.

आता मीच गाडी चालवतो. बाबा पुन्हा 'हाय-न्हाय'वर आलेत, पण माझ्याशीही. तो अमेरिकन म्हातारा अजून विचारतो, तुझ्या वडिलांना कसं कळलं? परवा त्याला एवढंच लिहिलं, की माझे बाबा ड्रायव्हर आहेत.