तोट्याची बाजू आधी

घरी माझी चेष्टा होते ती माझ्या एका खोडीवरून. भाजी कोणती करू एवढं विचारलं तरी मी आधी दोन्ही बाजू मांडायला बसतो. बायको म्हणते, "तुमचं ठरेपर्यंत माझा स्वयंपाक उरकतो." मी मूळचा देवणीकडचा, नोकरी बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यात, नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, आणि मग पोरांना बोलतं करायचं, हा माझा आवडता उद्योग. पोरं माघारी मला 'तराजू सर' म्हणतात. मला ते ठाऊक होतं आणि त्याचा थोडा तोराही होता.

त्या हिवाळ्यात मी नववीला मत्स्यशेती घेतली. विषय आयताच चालून आला होता. गावतळं काठोकाठ भरलेलं, आणि बौद्धवाड्यातल्या बायकांच्या बचत गटाने ते मासे पाळायला मागितलं होतं. निर्णय सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत व्हायचा होता. गटाची अध्यक्ष म्हणजे माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई. दुसऱ्यांच्या शेतात सोयाबीन काढण्यात जन्म गेलेली बाई. जिल्ह्याच्या गावी जाऊन तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती. तळं मिळालं तर तिला आणि तिच्या गटाला पहिल्यांदाच कुणाच्या बांधावर उभं राहून काम मागावं लागणार नव्हतं.

माझा एक नियम होता. घरचा कल जिकडे असेल, त्याच्या उलट बाजूने बोलायचं. त्याशिवाय डोकं चालत नाही, असं मी दरवर्षी ऐकवायचो. त्यामुळे अध्यक्षबाईंच्या मुलीला तोट्याची बाजू आली. फायद्याची बाजू मी तळ्यालगत ज्यांची जमीन आहे आणि तळं द्यायला ज्यांचा विरोध होता, अशा एका शेतकऱ्याच्या मुलीला दिली.

"सर, मला फायद्याची द्या नं," अध्यक्षबाईंची मुलगी तास संपल्यावर म्हणाली.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पोरगी कामाला लागली. उन्हाळ्यात पाणी आटतं, मग मासे दाटीने मरतात. ढगाळ सकाळी पाण्यातला प्राणवायू कमी पडतो, मासे वर येऊन तोंडं उघडतात. पेंड जास्त झाली तर पाणी कुजतं, वास सुटतो, गुरं तोंड लावत नाहीत. हे सगळं तिला कुठून सुचतंय, याचं मला नवल वाटायचं. दुसऱ्या मुलीकडे यातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय होता: चुना कधी टाकायचा, बोटुकली म्हणजे माशांची बोटभर पिल्लं किती सोडायची, गुरांसाठी कोणता काठ मोकळा ठेवायचा. दोघींची भाषणं मी स्वतः तपासली. एकमेकींत अशी बसली होती की मी हेडमास्तरांना सांगून ती सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात घेतली. गाव ऐकेल, मग लगेच ग्रामसभा, आणि गाव विचार करून ठरवेल. क्रमही मीच लावला. तोटे आधी, फायदे नंतर. शेवटचं बोलणं कानात राहतं, असा माझा हिशेब. मनातून मला तळं त्या बायकांनाच मिळायला हवं होतं.

झेंडावंदन झालं. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं ते थांबेना. मग कवायत, मग बक्षिसं. ऊन चढलं, लहान पोरं जिलबीच्या टोपल्यांकडे सरकू लागली. अखेर अध्यक्षबाईंची मुलगी उभी राहिली. अशी बोलली, अशी बोलली की म्हातारी माणसंसुद्धा मान हलवू लागली. टाळ्या पडल्या. दुसरी मुलगी कागद हातात घेऊन पायऱ्या चढली, तेवढ्यात हेडमास्तरांनी माइक घेतला आणि आभार मानून टाकले.

"सर, माझं राह्यलं," ती म्हणाली.

"झालं बाई आता, जिलबी घे," कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

त्याच मांडवात, त्याच खुर्च्यांवर ग्रामसभा बसली. तळ्याचा विषय निघाला तसे पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले. "आता काय इचारता? अध्यक्षबाईची पोरगीच सांगून राह्यली का पानी नासतंय म्हून. शाळेनं शिकवलंय. घरचंच मानूस बोल्लं, अजून काय पायजे?"

मला वाटलं ते थट्टा करतायत. आजूबाजूला पाहिलं तर माना डोलत होत्या. बायकांच्या घोळक्यात मुलीची आई उठली, "त्याला इलाज हाय, ऐका तर," म्हणाली. मागून एक आवाज आला, "इलाज ऱ्हाऊ द्या. गनपती कुठं बुडवायचे मंग? ह्यांच्या हातच्या पान्यात?"

पुन्हा हशा. तसाच, जिलबीच्या वेळचा.

दहा वर्षं त्या गावात काढली होती मी. मागून बोललेल्या त्या माणसाच्या घरी जेवलो होतो. दुसरं भाषण माझ्याच फाइलमध्ये होतं. उठायचं, वाचायचं, एवढंच होतं. मी उठलोही. हेडमास्तरांनी माझ्या बाहीला धरून खाली बसवलं, "तुम्ही गावचे मतदार नाहीत, सर." आणि मी बसलो. माझं बसणं मला आजही खरं वाटत नाही. हात वर झाले, तळं कुणालाच द्यायचं नाही असं ठरलं.

दुपारी मी अध्यक्षबाईंच्या घरी गेलो. मुलगी आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. आईने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "तिला म्याच सांगलं व्हतं समदं. ट्रेनिंगमदी काय काय अडचनी सांगल्या, त्या रोज सैपाक करता करता सांगायची. म्हनलं पोरीचा अभ्यास हाय. ती दुसरी पोरगी आली, तिला इलाज बी म्याच सांगले." मग तिने विचारलं, "बोल्ली तर चांगली नं, सर? एखांदं बक्षीस भेटंल का?"

जे भाषण तिच्यावर उलटलं, त्याचा शब्द न् शब्द तिच्या तोंडचा होता. तिच्याकडच्या अडचणी मी एका पोरीला वाटल्या, तिच्याकडचे उपाय दुसरीला, आणि त्यातलं अर्धंच गावापुढे ठेवलं. मी पाणी प्यायलो आणि माफी न मागताच निघालो.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावरची ती रेघ तशीच होती, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. पुसायला डस्टर उचललं तेव्हा ती मुलगी उठून पुढे आली. माझ्या टेबलावरचा खडू तिने घेतला.

"सर, एक मुद्दा राह्यला," ती म्हणाली. "आमच्या हातचं पानी त्यांला नको हाय. हे कोन्या बाजूला लिहू?"

फायद्याची बाजू मांडायची राहिलेली ती दुसरी मुलगी मान खाली घालून बसली होती. मी डाव्या बाजूकडे पाहिलं, उजव्या बाजूकडे पाहिलं. ती खडू धरून उभी होती आणि मी काय सांगतो याची खरोखर वाट पाहत होती.