रोगण फासलेला माठ

…मी माठ काथ्याने घासत होते, तेव्हा हे पलटणीत निघता निघता म्हणाले, "आतून फार घासू नकोस, पाण्याची चव जाईल." तशा सकाळी पुष्कळ होत्या. पुढे हे वारले आणि त्या माठात मी पुन्हा पाणी भरलं नाही.

वाचनालयातल्या मैत्रिणींनो, हा कागद फळ्यावर तुमच्यासाठी लावते आहे. तुम्हीच म्हणालात, "माठ नव्या संग्रहालयाला द्या, तिथे नीट सांभाळतील." म्हणून आज दुपारी तो कडेवर घेऊन फतेगंजला त्या संग्रहालयात गेले.

भिंतींवर रंगवलेले घोडे आणि कपाटांत गावोगावची मडकी. सगळ्या मडक्यांना रोगण फासलेलं, विहिणीसारखी नटवलेली!

मी तिथल्या चिटणिसांना विचारलं, "आता ही पाझरणार कशी?"

"काकी, पाझरायचं कशाला? आता ही कला झाली. तुमच्या माठालाही रोगणाचे दोन हात देतो, शंभर वर्षं टिकेल."

"आणि पाणी?"

"छे! पाणी भरायचंच नाही."

मी वाकून एका मडक्याला बोट लावलं, तर शिपाई गुजरातीत ओरडला, "बेन, अडशो नहीं!" म्हणजे हात लावू नका.

या लोकांना जन्मात कधी तहान लागली नसावी. माठाची छिद्रं बुजवायची आणि वर त्याचं कौतुक करायचं! सांगा, याला सांभाळणं म्हणायचं? मी माठ उचलला आणि घरी आले.

ता. क. कागद काल लावायचा राहिला. आज सकाळी मी माठ धुतला, आतून न घासता, आणि पाण्याने भरला.