सिदोनीबाईंचे घर आणि लिओंचे गिऱ्हाईक

सिदोनी व्हुये या बाईंनी आयुष्यभर एकच काम मनापासून केले, ते म्हणजे वाट पाहणे. तसा त्यांना पगार मिळायचा तो बस चालवण्याचा. शॉव्हेत गावातली मुले सकाळी खालच्या गावच्या शाळेत न्यायची आणि दिवस कलला की परत आणायची. पण बस काय, कोणीही चालवील. सिदोनीबाईंची ख्याती अशी की त्यांनी एकही पोर कधी मागे सोडले नाही. चर्चच्या कोपऱ्यावर इंजिन घुरघुरत ठेवून त्या बसून राहायच्या. कुणाच्या बुटाची नाडी तुटलेली, कुणाच्या गोठ्यात गाय व्यायलेली, कुणाची आई अजून केसच विंचरते आहे. आतली पोरे ओरडायची, "मावशी, चला ना!" बाई आरशात बघून म्हणायच्या, "येतंय रे ते. धुकं केवढं पडलंय, पाय सापडत नसतील त्याला."

त्यामुळे आज गावातली जी माणसे शहाणपणाने मान हलवतात, ती सगळी सिदोनीबाईंच्या बसमधूनच उतरलेली आहेत. फिर्मिन मागच्या बाकावर बसून प्रत्येक वळणाला ओकायचा. आता तो मेयर आहे, कमरेला तिरंगी पट्टा बांधून लोकांची लग्ने लावतो. ओबेर्तां रोज उशिरा यायचा, एक मोजा पायात आणि एक हातात. तो आता नोटरी आहे, आणि त्याच्या सहीवाचून या डोंगरात घराची वीटसुद्धा धनी बदलत नाही.

बाईंचे घर गावाच्या वरच्या अंगाला, चढणीवर. नवरा मार्सेलां गेल्यावर त्या तिथे एकट्याच राहत. गेल्या हिवाळ्यात लाकडे आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि ओंडक्यांची रास आणि उंबरठा यांच्यामध्ये बर्फावर आडव्या झाल्या. टपालवालीने पाहिले तेव्हा त्या आकाशाकडे बघत शांतपणे पडल्या होत्या.

"मावशी, हाक तरी मारायची!"

"कशाला? तुझी यायची वेळ झालीच होती."

हे ऐकून खालच्या शहरात राहणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीने, कोलेतने, फोनवर तोंड सोडले. "पुढच्या वेळी टपालवालीची सुट्टी असेल, मग काय वसंताची वाट बघशील? माझ्या शेजारचा तळमजल्याचा फ्लॅट विकायचाय. एका दंतवैद्याचा आहे. दाराशी औषधाचं दुकान, खिडकीखाली बाजार, आणि पायरी म्हणून एक नाही. घर विक आणि ये मुकाट्यानं."

दंतवैद्य म्हणाला, सेंट मार्टिनच्या दिवसापर्यंत थांबतो, त्यानंतर दुसऱ्याला देतो. आमच्याकडे घरे आणि शेते नोव्हेंबरातल्या त्याच दिवशी हात बदलतात. त्याचे म्हणणे रीतीला धरूनच होते. तेव्हा सिदोनीबाईंनी फाटकावर पाटी लावली. घर विकले तर तो फ्लॅट मिळणार, नाही तर पुन्हा तीच चढण, तोच बर्फ.

चेरी पिकल्या आणि गिऱ्हाईक आले. लिओं शहरातले जोडपे, गेतां बोशार आणि त्याची बायको इझोर. दोघांच्याही अंगात अगदी नवे कोरे जुनाट कपडे. इझोरने भिंतीवर तळहात ठेवून डोळे मिटले.

"गेतां, हे घर जिवंत आहे रे!"

"आहे थोडं," सिदोनीबाई म्हणाल्या. "माळ्यावर उंदीर आहेत. मांजर म्हातारी झाली."

बोशार मोठ्याने हसला, झाडाखाली उभा राहून त्याने मूठमूठ चेरी खाल्ल्या आणि सांगितलेल्या किमतीला एका शब्दाने हरकत घेतली नाही. याच गोष्टीने बाईंना जरा चपापायला हवे होते. पण माणूस चेरीच्या बिया खिशात घालतो, इकडेतिकडे थुंकत नाही, एवढ्यावर त्यांनी तो चांगला ठरवला.

साठेखत झाले. आमच्या कायद्याची माया विकणाऱ्यापेक्षा घर घेणाऱ्यावर जास्त. सही केल्यावरही त्याला फेरविचाराला थोडे दिवस मिळतात, विकणाऱ्याला मात्र पेन खाली ठेवले की संपले. त्यानंतर घेणारा कारणाशिवाय मागे फिरला तर किमतीचा दहावा हिस्सा विसार म्हणून गमावतो. घरात मोठा दोष निघाला तर मात्र गमावत नाही. ओबेर्तांने हे सगळे वाचून दाखवले आणि शेवटी चष्मा काढून म्हणाला, "आणि मावशी, खरेदीखत होईपर्यंत किल्ली कुणाच्या हातात द्यायची नाही. कितीही गोड बोलू देत."

"नाही देणार."

"शपथ?"

"शपथ."

उन्हाळाभर बोशारचे कर्ज येत राहिले, म्हणजे आले नाही. बँकेचा साहेब समुद्रावर गेला होता. ते खरेही असेल. ऑगस्टात आमच्या देशात मेलेला माणूससुद्धा सप्टेंबरची वाट बघतो. मग एक दिवस बोशारने फोन केला. लिओंचे घर रिकामे करावे लागते आहे, दोन कपाटे तेवढी कोठारात ठेवू द्याल का?

सिदोनीबाईंनी विचार केला. कपाट काही पाप करत नाही. आणि किल्ली? आमच्या गावात किल्ली ही हातात द्यायची वस्तूच नाही. ती डावीकडच्या खिडकीच्या झडपेमागे खिळ्याला टांगलेली असते. पाववाल्याला ठाऊक, टपालवालीला ठाऊक, बहुधा गाईंनाही ठाऊक. बाईंनी बोशारला किल्ली दिली नाही. खिळा कुठे आहे तेवढे सांगितले. त्यांच्या हिशेबी शपथ शाबूत होती.

सप्टेंबरात त्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आणि त्या कोलेतच्या बाहेरच्या खोलीत पलंगावर येऊन पडल्या. भिंतीपलीकडे दंतवैद्याचा फ्लॅट. दुपारच्या वेळी त्या काठी टेकत तिथवर जाऊन काचेला नाक लावून आत बघायच्या. पिवळे ऊन फरशीवर पसरलेले असायचे. जपून ठेवल्यासारखे.

ऑक्टोबरच्या मध्याला ओबेर्तांचा फोन आला. आवाज मोजा हरवलेल्या पोरासारखा.

"मावशी, त्यांच्या लिओंच्या नोटरीचा निरोप आहे. ते म्हणतात, तुमचं धुराडं खालपासून वरपर्यंत तडकलंय. चूल पेटवली की खोल्यांत धूर कोंडतो. घर राहण्यालायक नाही. किमतीचा चौथा भाग कमी करा, नाही तर ते मागे फिरणार. आणि दोष निघाला म्हटल्यावर विसारही आपल्याला नाही."

"माझं धुराडं?" बाई म्हणाल्या. "अरे, मार्सेलांनं स्वतः बांधलंय ते."

"मार्सेलांकाका आता साक्षीला येणार नाहीत. तज्ज्ञ बोलवावा लागेल, आणि तो मोकळा आहे जानेवारीत. मावशी, खरं सांगा, आत शिरले कसे ते? किल्ली दिलीत?"

"किल्ली नाही दिली," सिदोनीबाई म्हणाल्या, आणि जरा थांबून पुढे, "खिळा दाखवला."

तिकडे ओबेर्तांने पेन टेबलावर टाकल्याचा आवाज आला.

चौथा भाग सोडला तर दंतवैद्याचे पैसे पुरत नव्हते. न सोडावा तर सेंट मार्टिनचा दिवस निघून जात होता. कोलेत सूपच्या वाडग्यात चमचा आपटत म्हणाली, "तू बस चालवत होतीस का धर्मशाळा? जो येईल त्याला बस बाबा, खा बाबा! त्या बयेनं भिंतीला हात लावला तेव्हाच तिच्या बोटांवर काठी हाणायला हवी होती."

"तेव्हा काठी नव्हती माझ्याकडे," सिदोनीबाई म्हणाल्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी गावात लाकडांचे वाटे निघतात. गावाचे रान सगळ्यांचे. ज्या घरात चूल पेटते त्या घराला ओकच्या झाडांचा एक वाटा. घरधन्याने चावडीवर उभे राहून चूल पेटते आहे असे सर्वांसमक्ष सांगायचे, टोपीतून चिठ्ठी उचलायची, आणि जो वाटा येईल तो ईस्टरच्या आत स्वतः तोडून न्यायचा. नाही तोडला तर त्या घराचा वाटा कायमचा बुडतो आणि घरधन्याचे नाव हिवाळाभर लोकांच्या तोंडी राहते. सिदोनीबाईंनी ही टोपी एकदाही चुकवली नव्हती. निदान बघायला तरी जाऊ, म्हणून फिर्मिन त्यांना गाडीतून घेऊन निघाला.

वरच्या वळणावर बाई एकदम म्हणाल्या, "गाडी थांबव."

त्यांच्या छपरावरून धूर निघत होता. निळसर, सडसडीत, कुठेही न फाटणारा. दरीतले धुके खाली बसलेले आणि त्याच्यावर तो एकच धागा आकाशाला शिवलेला.

"तीन आठवडे येतोय," फिर्मिन म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुम्हीच राहू दिलंय त्यांना."

"कपाटांना राहू दिलं होतं," बाई म्हणाल्या. त्या बराच वेळ धुराकडे बघत होत्या. मार्सेलां छपरावर चढून चुना लावत असतानाचा त्याचा पाठमोरा सदरा त्यांना दिसला असावा. मग म्हणाल्या, "धूर सरळ आहे ना रे?"

"सुतासारखा."

चावडीत गरम वाइन आणि ओल्या कोटांचा वास भरला होता. नोटरी ओबेर्तांही रांगेत होता, रबरी बूट, फाटका स्वेटर, कारण नोटरीच्या घरातही चूल असते. सिदोनीबाई मागे शेगडीजवळ बसल्या. आणि दार ढकलून आत आला गेतां बोशार. फुकट लाकडाची बातमी पाववाल्याकडून त्याच्यापर्यंत पोचली होती. बाईंना पाहून तो क्षणभर अडखळला, मग त्याने दुरूनच हात हलवला, जणू त्याच त्याच्या घरी पाहुण्या आल्या होत्या.

फिर्मिनचे कान लाल झाले. तो उठणार तोच बाईंनी त्याची बाही धरली. "थांब. येऊ दे त्याला. घाई कशाला?"

फिर्मिन टेबलामागे जाऊन बसला. बोशारची पाळी आली.

"कुठलं घर?"

"वरचं. मादाम व्हुये यांचं. म्हणजे आता आमचंच."

"चूल पेटते?"

"पेटते? अहो, भडकते!" बोशार खुलला. मागे दोन शेतकरी ऐकत होते, त्यांच्याकडेही त्याने वळून पाहिले. "आम्ही तीन आठवडे राहतोय, एकदाही सर्दी नाही."

"खोलीत धूर कोंडतो का? वाईट धुराड्याला आम्ही लाकूड देत नाही. आग लागते, मग बंबवाले आम्हीच."

"धागाभर नाही! जुन्या लोकांचं काम आहे साहेब, पोलादासारखं. माझी बायको म्हणते, असं धुराडं लिओंमध्ये लाखात मिळणार नाही."

"तडा वगैरे?" रांगेतला फाटका स्वेटर सहज म्हणाला.

"केसाएवढाही नाही, मित्रा. हात फिरवून बघ येऊन."

"नको, तुमच्या शब्दावर विश्वास आहे. सगळ्यांनी ऐकलंच," तो स्वेटर म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. "आपली फोनवर ओळख आहे. मी ओबेर्तां, मादाम व्हुये यांचा नोटरी."

चावडीत शेगडीतले लाकूड तडकले तेवढाच आवाज. मग मागून कुणीतरी म्हणाले, "हा बघा, हा मात्र तडा." आणि अख्खी चावडी फुटली.

बोशारचा चेहरा त्याच्या नव्या बुटांसारखा चकचकीत झाला. तो म्हणू लागला की आपल्या बोलण्याचा विपर्यास होतो आहे, नाताळपर्यंत वेळ द्या, शांतपणे बसून बोलू, मादाम समजूतदार आहेत.

सगळ्यांनी मागे वळून पाहिले. सिदोनीबाई काठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. त्यांचे उत्तर काय असणार हे अख्ख्या गावाला पाठ होते.

"शुक्रवारी," बाई म्हणाल्या. "सकाळी अकराला. ठरलेली किंमत. नाही तर विसार सोडा आणि कपाटं घेऊन जा."

"पण मादाम, शुक्रवार म्हणजे..."

"चिठ्ठी उचला आधी. लोक खोळंबलेत."

भांबावलेल्या बोशारने टोपीत हात घातला. त्याला लांडग्याची घळ आली. तिथे झाडे उत्तम आहेत, पण तोडलेला ओंडका वर आणायला घोडाही नकार देतो. शेतकऱ्यांनी एकेक करून त्याचा हात हातात घेतला आणि मनापासून अभिनंदन केले.

शुक्रवारी अकरा वाजता सिदोनीबाई नोटरीच्या कचेरीत होत्या. बोशार नव्हता. ओबेर्तां खिडकीतून रस्ता बघत होता, कोलेत हातातली पर्स पिळत होती. "येतील, मावशी. रस्त्यावर धुकं आहे," ओबेर्तां म्हणाला. स्वतः म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. मग सावकाश उठल्या, कोट अंगात घातला, एकेक बटण लावले.

"सिदोनी!" कोलेत कुजबुजली. "बस ना जरा! फ्लॅटचं काय?"

बाईंनी काठी उचलली. दाराच्या मुठीवर हात ठेवला. तेवढ्यात जिन्यावर धावती पावले वाजली, आणि गेतां बोशार धापा टाकत वर आला, मागून इझोर. त्याचा मफलर एका खांद्यावरून लोंबत होता. ओबेर्तांने तो पाहिला आणि नकळत स्वतःच्या पायांकडे बघितले.

सिदोनीबाई दारातच उभ्या होत्या. वाट द्यावी की न द्यावी अशा. मग बाजूला सरकल्या.

"चढा," त्या म्हणाल्या. "दार लावतच होते."